आ करा बघू!

कुरवंड्यात राहणाऱ्या निवृत्त इतिहासशिक्षकाला लोक काय विचारणार? उंबरखिंड! सुटीच्या दिवशी नागफणीवर जाऊन आलेली पोरं परतताना आमच्या अंगणात पाणी प्यायला थांबतात. शेजारचं कुणीतरी सांगतं, "हे सर इतिहासाचे बरं का," आणि मग सुरू. कारतलबखान नेमका कुठल्या वाटेनं उतरला? महाराज कुठे उभे होते? मीही हुरूप येऊन १६६१ सालात जातो. कुरवंड्याची घाटवाट, खालचं चावणी गाव, ती चिंचोळी खिंड, खानाबरोबर आलेली रायबागन... अर्धा तास कसा गेला ते ना त्यांना कळतं ना मला.

पण गेलं वर्षभर माझ्या डोक्यात एक वेगळाच इतिहास घोळतोय. त्यात घोडा नाही, तलवार नाही. एक पत्र्याची डबी आहे, एक हातबॅटरी आहे आणि पुणे जिल्ह्यातली एक लाख माणसं आहेत. कुठल्याही क्रमिक पुस्तकात तो नाही. मी छत्तीस वर्षं इतिहास शिकवला, पण मलाही तो ठाऊक नव्हता. आज तोच सांगणार आहे. जरा घरगुती आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

सुरुवात माझ्या दाढेपासून. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी खालची उजवी दाढ ठणकायला लागली. लोणावळ्याच्या कुशीत जन्म काढला आणि चिक्की खाल्ली नाही असं सांगणारा माणूस खोटं बोलतो, एवढंच कारणाबद्दल म्हणतो. चार दिवस लवंग धरली. पाचव्या दिवशी सौ. म्हणाली, "अहो, रात्रभर कण्हत असता, मला झोप नाही. चला दाखवायला." म्हणून आम्ही दोघं लोणावळ्याला गेलो. दातांची डॉक्टर म्हणजे माझ्याच एका विद्यार्थ्याची मुलगी. तिचा बाप नववीत सनावळ्यांना घाबरायचा. पोरगी मात्र हुशार निघाली.

तो दवाखाना बघून मी चकितच झालो! माझ्या लहानपणी दात काढायचा म्हणजे बाजाराच्या दिवशी पाल टाकून बसणारा एक माणूस, त्याच्या हातात पकड, आणि मागून डोकं धरायला काका. इथे तिनं बोटभर चपटी पट्टी दाढेला टेकवून धरली, बाजूला जाऊन बटण दाबलं, आणि मी तोंड मिटेपर्यंत समोरच्या पडद्यावर माझ्या दाढेची मुळं! मास्तरकी अंगात असल्यानं घरी येऊन मी शोधाशोध केली. राँटगेन यांना क्ष-किरण सापडले नोव्हेंबर १८९५ मध्ये. जानेवारी १८९६ मध्ये, म्हणजे दोन-अडीच महिन्यांत, जर्मनीतल्या ओटो वाल्कहोफ या दंतवैद्यानं स्वतःच्याच दातांचा फोटो घेतला. त्यासाठी तो गडी पंचवीस मिनिटं हालचाल न करता पडून राहिला होता. त्या किरणांनी पुढे लोकांची बोटं गेली, जीव गेले, तेव्हा कुणाला कल्पनाही नव्हती. आज तेच काम निमिषात होतं आणि किरण कितीतरी कमी लागतात.

भूल देण्याचंही तसंच. आज जी लिडोकेन टोचतात, तिचा शोध स्वीडनमध्ये १९४३ साली निल्स लोफग्रेन यांनी लावला. म्हणजे मी लहान असताना ती जगात होती. आमच्या बाजारापर्यंत पोचली नव्हती, इतकंच. हे 'इतकंच' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दाढेची नस काढून झाली. टोपी बसवायची तर पूर्वी तोंडात तो ओला लगदा भरून माप घेत, उलटी यायची वेळ यायची. आता पेनासारखा कॅमेरा दातांवरून फिरवला की संगणकावर साचा तयार! झुरिकच्या वेर्नर मोरमान यांनी १९८५ साली ही रीत पहिल्यांदा माणसाच्या तोंडात वापरून दाखवली. आणि जपानात तर क्योतोला २०२४ पासून दात नव्यानं उगवावा म्हणून एका औषधाची माणसांवर चाचणी चालू झालीय. आपल्या शरीरातलं एक प्रथिन दाताच्या वाढीला लगाम घालतं, तो लगाम सैल करायचा, अशी कल्पना. पोरीनं हे सांगितल्यावर मी म्हटलं, "शहात्तराव्या वर्षी मला दुधाचे दात यायला लागले तर पेन्शन बंद होईल!" ती खूप हसली.

मग हसता हसताच ती सौ.कडे वळली. "आजी, आल्याच आहात तर तुम्हीही बसा. आ करा बघू."

सौ. म्हणाली, "मला काही होत नाही बाई. ह्यांच्यासोबत आलेय मी."

"होत नाही म्हणूनच बघायचं."

सौ. बसली. पोरीनं कुठलं यंत्र घेतलं नाही. बॅटरी घेतली, लाकडाची पट्टी घेतली, एक गाल बाजूला केला, दुसरा केला, जीभ कापडात धरून दोन्ही कडांनी पाहिली, जिभेखाली पाहिलं आणि मग खालचा ओठ उलटा केला. तिथे थांबली. हिरडीला लागून, करंगळीच्या नखाएवढा एक पांढुरका चट्टा होता. तिनं कापसानं पुसून पाहिला, तो पुसला जाईना.

"आजी, मशेरी लावता?"

सौ. गप्प. आणि तिनं पाहिलं कुणाकडे? डॉक्टरकडे नाही, माझ्याकडे.

आता हे न कळणाऱ्यांसाठी सांगतो. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची आणि ती पूड बोटावर घेऊन दातांवर घासायची, ती मशेरी. दात स्वच्छ होतात, असं म्हणायचं. प्रत्यक्षात सकाळी एकदा घासणारी बाई दोन वर्षांत दिवसातून चारदा घासायला लागते. मशेरी लावल्याशिवाय परसाकडला होत नाही, डोकं धरतं, कामाला हात उठत नाही. पुरुषांची तंबाखू चावडीवर उघड चोळली जाते. बायकांची ही तंबाखू मात्र मागच्या दारी, चुलीच्या उजेडात, पदराआड. घरोघरी असायची आणि कुणाच्याच घरी नसायची.

आमच्या घरीही होती. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात मला माहीत नव्हतं, असं कसं म्हणू? तवा तापल्यावर तो वास घरभर जातो, खोकल्यानं जीव घाबरतो. मी फक्त 'वास येतो' म्हणून कटकट केली आणि पेपर घेऊन ओट्यावर जाऊन बसलो. शाळेत दर सोमवारी प्रार्थनेनंतर पोरांची नखं आणि दात तपासणारा मास्तर मी! सातवी-आठवीतल्या काही मुलींच्या दातांवर काळी झाक दिसायची. "नीट घासत जा गं," म्हणून पुढे जायचो. कशानं घासतेस, हे कधी विचारलं नाही.

आणि मला विचारायला फार मोठं कारण होतं.

माझी आई १९७४ साली गेली. सत्तेचाळीस वर्षांची होती. तिची डबी मला अजून आठवते, झाकणाला पोचा पडलेली, चुलीच्या कोनाड्यात ठेवलेली. आदल्या वर्षी भातलावणीच्या दिवसांत तिच्या खालच्या हिरडीला काहीतरी झालं. ती म्हणायची, दाढ दुखते. भाताची लावणी, मग बेणणी, मग कापणी, आईला सवड कुठली? दुखलं की मशेरी जास्त घासायची, कारण तेवढा वेळ ते बधीर व्हायचं. पुढे एकानं उष्णता म्हणून गुळण्यांचं औषध दिलं. दुसऱ्यानं दाढ काढली. जखम भरेना. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो. तिला घेऊन लोणावळ्याहून गाडीनं दादरला उतरलो आणि परळच्या टाटा हॉस्पिटलात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी फार मायेनं तपासलं. आईला बाहेर बसवलं आणि मला सांगितलं, आधी आणायला हवं होतं. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. बोगदे आले की लहान मुलासारखी बाहेर बघायची. खंडाळ्याच्या घाटातला पाऊस तिनं तेव्हा शेवटचा पाहिला.

हे सगळं त्या दवाखान्यात, सौ. तोंड उघडून बसलेली असताना, माझ्या डोळ्यांपुढून गेलं. पोरीनं चट्ट्याचा बारीक तुकडा तपासणीला पाठवायचं ठरवलं. अहवाल यायला आठवडा. मला म्हणाली, "सर, घाबरू नका. असे बरेचसे चट्टे कॅन्सर होत नाहीत. पण कुठला होईल ते डोळ्यांना कळत नाही, म्हणून बघायचं." आणि मग जाता जाता: "सर, तुम्ही इतिहासाचे ना? या चट्ट्यांचा सगळ्यात मोठा अभ्यास आपल्याच जिल्ह्यात झालाय. तुम्ही मास्तर झालात साधारण तेव्हाच."

दुसऱ्या दिवशी तिनं कागद पाठवले. माझं इंग्रजी यथातथाच, मराठी माध्यमातला बी.ए. मी. शब्दकोश घेऊन बसलो. त्या आठवड्यात झोप नव्हतीच, वाचायला वेळ भरपूर होता.

आणि जे वाचलं, त्यानं मी थक्क झालो.

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभांनी उभी केलेली. अणू, विश्वकिरण, गणित असल्या विषयांची. तिथे एक दंतसंशोधन विभागही होता, हे तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं. डॉ. फली मेहता त्याचे प्रमुख. त्यांच्याबरोबर डॉ. दफ्तरी, संख्याशास्त्राच्या बाजूनं डॉ. प्रकाश गुप्ता, आणि डेन्मार्कहून कोपनहेगनच्या दंत महाविद्यालयातले प्राध्यापक येन्स पिंडबोर्ग. या मंडळींनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली. आकडा पुन्हा वाचा. एक लाख एक हजार सातशे एकसष्ट! तंबाखू खाता का, ओढता का, घासता का, किती, केव्हापासून, हे विचारायचं आणि मग आ करायला सांगून आत पाहायचं. कर्करोग आहे का, पांढरा चट्टा आहे का, लाल आहे का, नोंदवायचं. त्याचा लेख १९७२ साली कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला.

त्या पाहणीत आढळलं, की पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत शंभरातल्या जवळजवळ ३९ बायका मशेरी लावतात. पुरुषांत हे प्रमाण शंभराला एकही भरत नाही. मागच्या दारची, पदराआडची गोष्ट पहिल्यांदा कुणीतरी मोजली होती. माझी आई त्या ३९ मधली.

याच्या आधीचा धागाही मी शोधला. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे आपल्याकडच्या विकृतिशास्त्राचे आद्य पुरुष. १९४१ मध्ये टाटा हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासून ते तिथे होते. १९४४ साली त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. म्हणजे ज्या पायऱ्या मी आईला धरून चढलो, तिथे तीस वर्षांपूर्वीच हा प्रश्न मांडला गेला होता. पुढे १९५३ साली मुंबईच्याच डॉ. जोशी यांनी आणखी एका दुखण्याला नाव दिलं. त्यात गालांच्या आतली कातडी ताठर होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. सुपारीनं होतं ते. गुटख्याच्या पुड्या आल्या तेव्हापासून कोवळ्या पोरांना व्हायला लागलं. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. ती कशी पाळली जाते ते कुठल्याही टपरीमागे जाऊन पाहावं. असो.

पण खानोलकरांचे ते हजार म्हणजे रुग्णालयापर्यंत आलेले. जे आले ते मोजले. मेहता आणि मंडळींचं मोठेपण मला वाटतं ते यात, की ते रुग्ण नसलेल्यांकडे गेले. इतिहास शिकवताना आम्ही सांगतो, की दरबारातली कागदपत्रं म्हणजे सगळा इतिहास नव्हे, रयतेचं काय चाललं होतं तेही शोधा. यांनी तेच केलं! केरळातलं एर्नाकुळम, गुजरातेतलं भावनगर, आंध्रातलं श्रीकाकुळम इथल्या तीस हजार गावकऱ्यांकडे तर ते दहा वर्षं पुन्हा पुन्हा गेले. १९८० साली त्याचं फळ छापून आलं. तोंडाचा कर्करोग आणि त्याआधीचे चट्टे जवळजवळ फक्त तंबाखूवाल्यांतच सापडले. आणि कर्करोग एकदम उगवत नाही. त्याच्या आधी तोंडात काहीतरी दिसत असतं, वर्षानुवर्षं दिसत असतं.

वर्षानुवर्षं! म्हणजे भातलावणीच्या त्या पावसाळ्याच्या कितीतरी आधी आईच्या ओठाआड काहीतरी पांढुरकं असणार. कुणीही बॅटरी घेऊन 'आ कर' म्हटलं असतं तर दिसलं असतं. मी म्हटलं असतं तरी.

या मंडळींनी पुढची पायरीही चढली. त्याच तीन जिल्ह्यांत छत्तीस हजार तंबाखू वापरणाऱ्यांना त्यांनी समजावून सांगितलं. प्रत्येकाशी बोलून, त्याचंच तोंड त्याला दाखवून, सिनेमा, रेडिओ, वर्तमानपत्रं वापरून. पाच वर्षांनी पाहिलं, तर नुसत्या सांगण्यानं कितीतरी लोकांनी तंबाखू सोडली होती, कमी केली होती आणि नवे पांढरे चट्टे येण्याचं प्रमाण घटलं होतं. १९८६ साली 'लॅन्सेट'नं ते छापलं. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. सांगणं! जे मास्तराचं काम आहे ते.

कुलाबा ते कुरवंडे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. गाडीनं तीन तास. १९७२ साली छापलेली गोष्ट माझ्या घरी पोचायला अर्धशतक लागलं. आता मघाचं ते 'इतकंच' आठवतंय ना? कारतलबखानाची फौज घाटात कोंडली गेली ती वाटेची माहिती नसल्यामुळे. इथे माहिती होती, वाटही होती, रोज गाड्या धावत होत्या. फक्त ही माहिती घेऊन घाट चढणारं कुणी नव्हतं. याचा दोष मी संशोधकांना देत नाही. त्यांचं काम त्यांनी केलं. गावात शिकलेला म्हणून ज्याला मान होता, त्यानं काय केलं, हा प्रश्न मला जास्त टोचतो.

डोळ्यांनी बघण्याचा उपयोग होतो का, याचाही पक्का पुरावा आपल्याच देशातून आला. १९९६ पासून तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या तेरा पंचायतींत डॉ. शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी चाचणी केली. सात पंचायतींत, पस्तिशीच्या पुढच्या माणसांची तोंडं आरोग्यसेवकांनी दर तीन वर्षांनी पाहिली. सहा पंचायतींत नेहमीसारखंच चालू ठेवलं. २००५ साली निकाल आला. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत, जिथे तोंडं तपासली गेली तिथे तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशानं कमी झाले होते. तपासणारे बडे डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेली साधी माणसं होती.

उपचारातही मुंबईनं जगाला एक गोष्ट शिकवली. तोंडात छोटी गाठ आहे, मानेत अजून काही लागत नाही, अशा वेळी मानेतल्या ग्रंथी लगेच काढाव्यात की पुढे दिसल्या तर काढाव्यात? जगभर शल्यविशारद यावर वाद घालत होते. टाटा हॉस्पिटलात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे दोन गट करून पाहिलं. लगेच काढलेल्यांत तीन वर्षांनी शंभरातले ८० हयात होते, वाट पाहिलेल्यांत सुमारे ६७. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. शंभरातले बारा-तेरा जीव म्हणजे माझ्या एका वर्गातला पहिल्या दोन बाकांच्या ओळींचा हिशेब. आकडे वाचताना मी हल्ली असाच वाचतो.

आता तर मोबाईलला जोडायचं उपकरणही आलंय. ते तोंडातला फोटो घेतं आणि संगणक सांगतो, हे संशयास्पद आहे की नाही. बेंगळुरूच्या दंतवैद्यांनी अमेरिकेतल्या तंत्रज्ञांबरोबर ते खेड्यांत वापरून पाहिलं. लाळेच्या थेंबावरून रोग ओळखायचे प्रयत्नही जोरात आहेत. करोनाच्या काळात २०२० साली लाळेची चाचणी आपण ऐकलीच. मला या सगळ्याचं कौतुक आहे. म्हातारपणी नव्या गोष्टींना नावं ठेवणाऱ्यातला मी नाही. फक्त पोरीला मी विचारलं, "हे यंत्र तोंड उघडायला लावतं का?" ती म्हणाली, "नाही सर, ते आपल्यालाच सांगावं लागतं."

इथे जरा थांबून थोडे आजचे आकडे देतो. २०२२ साली भारतात तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आणि जवळजवळ ८० हजार मृत्यू झाले, असा जागतिक संस्थेचा अंदाज आहे. आपल्या पुरुषांत हाच कर्करोग पहिल्या क्रमांकाचा. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार प्रौढांतला एक जण धूर न काढणारी तंबाखू वापरत होता. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं १९९२ मध्येच मनाई केली. पण घरच्या तव्याला कायदा कुठे दिसतो? आणि मशेरीचं दुखणं तोंडापुरतंही नाही. तेच प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकारी श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास करून २००४ साली दाखवलं, की अशी तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी जन्मतात. त्यातल्या बहुतेक जणींची तंबाखू म्हणजे मशेरीच होती. माझा धाकटा भाऊ फार अशक्त जन्मला होता, असं आजी सांगायची. त्याच्यामागे काय होतं ते आता कसं सांगणार? पण हा लेख वाचल्यापासून मला तो कोनाडा आठवतो.

आठव्या दिवशी अहवाल आला. पेशींत सौम्य बदल. कर्करोग नाही. पोरीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी अंगणात उभा होतो. मी आत गेलो. सौ. तांदूळ निवडत होती. मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं." आणि निवडत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "तुमच्या आईंनीच लावायला शिकवलं होतं, असं मी सगळ्यांना सांगायची. खोटं होतं ते. त्या तर मी यायच्या आधीच गेल्या. मी माहेरूनच शिकून आले होते." यावर काय बोलावं मला सुचलं नाही.

मशेरी सुटली, पण कथेतल्यासारखी एका झटक्यात नाही. पहिले पंधरा दिवस डोकं दुखणं, पोट साफ न होणं, चिडचिड. भांड्यांचे आवाज अंगणापर्यंत! पोरीनं सांगितलं होतं, तलफ आली की पाच-दहा मिनिटं निभावून न्यायची, ती ओसरते. मग बडीशेप, लवंग, नाहीतर उठून गोठ्यापर्यंत फेरी. दीड महिन्यानं कामशेतला एका लग्नात जुन्या मैत्रिणी भेटल्या आणि मांडवामागे जाऊन हिनं पुन्हा घासली. घरी येऊन स्वतःच सांगितलं. मी रागावलो नाही. (खरं सांगायचं तर रागावलो होतो, पण बोललो नाही.) त्यानंतर नाही. डबीत आता सुया आणि गुंड्या आहेत.

दर तीन महिन्यांनी आम्ही दाखवायला जातो. चार खेपा झाल्या. चट्टा फिकट झालाय, गेला नाही. पुढेही बघतच राहायचं आहे. चौथ्या खेपेला सौ. एकटी नव्हती. गल्लीतल्या तिघी जणी बरोबर होत्या. तुटपुंज्या जागेत बाकावर ओळीनं बसलेल्या, पदर तोंडाला. आधी ह्या तिघींची तोंडं हिनं आमच्याच ओट्यावर, माझी हातबॅटरी घेऊन पाहिली होती म्हणे. मला आत पाठवून! एकीच्या गालात काहीतरी वाटलं, म्हणून तिला आग्रहानं आणलं. तिचं सुदैवानं दात लागून झालेलं निघालं. तो दात घासून गुळगुळीत केला, झालं.

परवा रविवारी पुन्हा काही पोरं नागफणीवरून उतरून पाणी प्यायला आली. एकाच्या गालात पुडी होती, बोलताना दिसली. उंबरखिंडीचं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात सौ. बॅटरी घेऊन बाहेर आली आणि त्याला म्हणाली, "पाणी देते बाळा. आधी आ कर बघू."

या सगळ्या गडबडीत माझ्या दाढेवरची टोपी मात्र बसायची राहूनच गेलीय.